कंट्रोलर साहेबांची साक्ष

बोरी अरबमध्ये भीमराज मुनेश्वरांना नावानं कुणी हाक मारत नसे. एस.टी.तून रिटायर होऊन वर्षं झाली, तरी लहानथोरांसाठी ते कंट्रोलर साहेबच. दिग्रसच्या बसस्टँडवर जाळीच्या खिडकीमागे बसून त्यांनी निम्मी हयात गाड्या लावण्यात घालवली होती. पुसदची गाडी फेल झाली असेल तर फेल झाली, यवतमाळची उशिरा असेल तर उशिरा, असं ते माइकवर स्वच्छ सांगत. ‘येऊनच राह्यली’ असं खोटं बोलून म्हाताऱ्याकोताऱ्यांना उन्हात ताटकळत ठेवणं त्यांना कधी जमलं नाही. त्यामुळे लोक त्यांना शिव्याही घालत आणि त्यांच्या शब्दावर विश्वासही ठेवत.

गावी आले तरी खोड गेली नाही. घरपट्टी भरणारे पहिले तेच. जनगणनेवाल्या मास्तरला बसवून, चहा पाजून, घरातली एकूण एक माहिती खरी सांगणारेही तेच. एकदा विजेचा मीटर बंद पडला, फुकट दिवे लागले. सगळी गल्ली म्हणाली, राहू द्या. हे स्वतः जाऊन सांगून आले, आणि पुढच्या महिन्याला मागचं सारं सरासरीनं वसूल झालं. त्यांची बायको रुखमाबाई त्या दिवशी भाकरी थापता थापता म्हणाल्या, “सरकार काय तुमचा सोयरा लागते का हो?”

भीमराज हसले नाहीत. त्यांचा बाप गावकामगार होता. सरकारी टपाल डोक्यावर घेऊन अनवाणी दारव्ह्यापर्यंत जायचा आणि चावडीच्या पायरीखाली उभा राहून आवाज द्यायचा. पायरीवर पाय ठेवायची सोय नव्हती. त्याच बापाचा पोरगा पुढे खुर्चीवर बसला, आणि बामणापाटलांना घेऊन निघालेल्या गाड्या त्यानं शिट्टी वाजवल्याशिवाय हलत नव्हत्या. हे काही कुणाच्या मेहेरबानीनं झालं नव्हतं, कायद्यानं झालं होतं. कायदा सगळ्यांना सारखा, तर आपणही कायद्याला सारखं असावं, इतका साधा त्यांचा हिशोब.

साल चौऱ्याण्णव. त्या काळी कापूस सरकारशिवाय दुसऱ्या कुणाला विकायची सोय नव्हती. पिकवा तुम्ही, पण बैलगाडी न्यायची सरकारी खरेदी केंद्रावर, तिथं रांगेत लागायचं, ग्रेडर म्हणेल ती प्रत मानायची आणि चुकाऱ्याची, म्हणजे आपल्याच पैशांची, वाट पाहायची. दुसऱ्याला दिला तर गुन्हा. जिल्ह्याच्या सीमेपलीकडे आंध्रात भाव चढा होता, म्हणून नाक्यानाक्यावर पथकं बसली होती. आपल्याच वावरातला कापूस आपल्याच बैलबंडीत घालून नेणारा माणूस चोरासारखा इकडेतिकडे पाहत जायचा.

भीमराजांचं वावर फार नव्हतं. पेन्शन होती, शेती हौसेची. तेही गाडी घेऊन रांगेत गेले होते. थंडीत लोक गाडीखाली झोपत होते, बैलांना कडबा पुरत नव्हता, आणि रांग जागची हलत नव्हती. आणि इकडे गावात, दिवेलागणीच्या सुमारास, मारोतराव व्यापाऱ्याच्या गोदामातून ताडपत्री बांधलेले ट्रक निघायचे. विचारलं तर म्हणायचे, सरकी आहे. ताडपत्रीच्या फटीतून पांढरे बोळे रस्त्याच्या कडेच्या बाभळींना लागून राहायचे. सीमेवरच्या पाटणबोरीच्या नाक्यावरून ते ट्रक पार कसे होतात हे शाळेतल्या पोरांनाही ठाऊक होतं.

“हे बरोबर नाई,” भीमराज म्हणाले.

“बरोबर नाई हे साऱ्याइलेच समजते,” रुखमाबाई म्हणाल्या. “कोणी बोलून राह्यलं का?”

भीमराज सोमवारच्या गाडीनं यवतमाळला गेले. ज्या हापिसात जायला हवं ते विचारत विचारत शोधलं. आत देव्हारे नावाचे निरीक्षक होते, तिशी ओलांडलेले, चष्मा लावलेले, बोलायला मऊ. त्यांनी खुर्ची दिली. चहा मागवला. भीमराजांनी मारोतरावचं नाव, ट्रक निघायची वेळ, रस्ता, सगळं सांगितलं.

“तुमच्यासारखे नागरिक असते तर आमची गरजच नव्हती, मुनेश्वर साहेब,” देव्हारे म्हणाले. “आम्ही लवकरच येतो.”

परतीच्या गाडीत भीमराजांना खिडकीची जागा मिळाली. हवा थंड होती, मन भरून आलं होतं. सरकारी हापिसात त्यांच्या बापाला कुणी खुर्ची दिली नव्हती.

जीप आली ती बाजाराच्या दिवशी. भीमराजांनी इस्त्रीचा सदरा घातलेलाच होता, कारण जीप रोज येईल रोज येईल असं त्यांना वाटत होतं. ओट्यावरून त्यांनी पाहिलं, जीप थेट मारोतरावच्या फाटकात शिरली. आता पंचनामा होईल, सील लागेल. बराच वेळ काही झालं नाही. आतून कपबशा घेऊन जाणारा गडी तेवढा दिसला. मग जीप मागे मागे येत बाहेर पडली आणि भीमराजांच्या दारापुढे थांबली. ड्रायव्हर किसनसिंग खाली उतरला.

“चला साहेब. पंच पाह्यजे. गावात दुसरा खात्रीचा माणूस नाई म्हणतात.”

“गोदाम तपासलं का?” भीमराजांनी देव्हारेंना विचारलं.

“तिथं सरकीच आहे,” देव्हारे खिडकीबाहेर पाहत म्हणाले. “पण साठा सापडला आहे. बसा.”

जीप बाजारातून वळली आणि मशिदीच्या गल्लीत शिरली. त्या गल्लीत कापसाशी संबंध असलेलं एकच घर होतं, बशीर पिंजाऱ्याचं. भीमराजांना ते कळायला क्षणभर वेळ लागला, आणि कळलं तेव्हा जीप थांबली होती.

बशीरचं दुकान म्हणजे घरासमोरचं टिनाचं छप्पर. त्यात पिंजणाचं मशीन, सरकी काढायचा एक लहानसा रेचा, आणि मागच्या बाजूला गादीच्या कापडाचे तागे. बशीर नेहमीप्रमाणे मशीनपुढे होता. भुवयांना, पापण्यांना रुईची लव चिकटलेली. बारा महिने तो असा बर्फातून उठून आल्यासारखा दिसायचा. त्याची बायको रशीदा दाभणानं गादीला टाके घालत बसली होती. भिंतीला चार बोरे टेकून उभे होते. कापसाचे.

“हे काय आहे?” देव्हारेंनी विचारलं.

“कापूस हाय साहेब,” बशीर म्हणाला. त्याला लपवायचं सुचलंही नाही, कारण लपवण्यासारखं काही आहे हेच त्याच्या डोक्यात नव्हतं. “लगनसराई हाय न. गाद्या, रजाया.”

“परवाना?”

बशीर रशीदाकडे पाहू लागला. त्याचा बाप पिंजारी, आजा पिंजारी. आजा खांद्यावर धनुकली टाकून गावोगाव फिरायचा. तार छेडली की बायका घरातून जुन्या गाद्या बाहेर काढायच्या. परवाना हा शब्द त्या घरात कधी लागला नव्हता.

“कोणाकडून विकत घेतला?”

“विकत कायले घेऊ साहेब? लोकाइचा हाय. लोक घरचा कापूस आणून देतात, आपण पिंजून, भरून देतो. मजुरी घेतो.”

“कोणत्या लोकांचा? नावं सांगा.”

बशीरनं तिघांची नावं सांगितली, पंच म्हणून उभ्या भीमराजांचं तेवढं घेतलं नाही. किसनसिंग एकेकाला बोलावून घेऊन आला. आधी पाटलाच्या वाडीचा डोमाजी आला. जीप पाहिली, साहेब पाहिला, हात जोडले. “आपला नाई जी. आपण सारा केंद्रावर देला.” मग मोतीबाई आली. विधवा बाई, लेकाच्या लग्नासाठी तिनं रजईचा कापूस दिला होता, आणि हे रुखमाबाईंनाही माहीत होतं. ती बशीरकडे न बघता म्हणाली, “मले काई मालूम नाई, बापा. मी गरीब बाई.”

रशीदाच्या हातातलं दाभण थांबलं. “मोतीबाई, परवाच तर—”

“मले काई मालूम नाई!”

राहिलेला माणूस बाजारात सापडलाच नाही. देव्हारेंनी कागदात मान घातली. “चार बोरे, मालक कुणी नाही. म्हणजे यांचाच साठा. लिहा किसनसिंग.”

तेव्हा भीमराज पुढे झाले. त्यांना बोलायची तयारी करावी लागली नाही. “उजवीकडला बोरा माहा हाय,” ते म्हणाले. “माह्या पोरीचं, विशाखाचं लगन हाय. गाद्यांसाठी मीच बशीरभाईच्या घरी आणून देला.”

बशीरच्या चेहऱ्यावर जीव आला. देव्हारेंनी चष्मा काढून पुसला आणि भीमराजांना बाजूला घेतलं.

“मुनेश्वर साहेब, तुम्ही पंच म्हणून आला आहात. कशाला यात पडता?”

“पण खरं ते हेच हाय न साहेब. शेतकरी घरच्या गादीसाठी कापूस नाई ठेवू शकत का?”

“घरचा घरी ठेवा. दुसऱ्याच्या घरी गेला की व्यवहार झाला. हे मी म्हणत नाही, वरचे लोक म्हणतात.” त्यांनी पेनचं टोपण काढलं. “बरं. तुम्ही म्हणता तर तुमचा जबाब घेतो. पंच दुसरा बघतो.”

भीमराजांनी जबाब दिला. ‘मी माझ्या शेतातील कापूस बशीर यास दिला.’ त्यांनी तो दोनदा वाचला. एकही शब्द खोटा नव्हता. गादीसाठी हा शब्द कुठे गेला असं त्यांनी विचारलं. देव्हारे म्हणाले, तो तपशील कोर्टात सांगा. भीमराजांनी सही केली, मोठ्या गोल अक्षरात.

बोरे जीपमध्ये गेले. मशीनला पट्टी बांधून लाखेचं सील मारलं. जाताना देव्हारे बशीरला दरडावून म्हणाले, “गावातूनच तक्रार आहे इथून कापूस बाहेर जातो म्हणून. कारवाई करणं आम्हाला भाग आहे.”

भीमराजांची कानशिलं तापली. कुणी त्यांच्याकडे पाहिलं नाही. त्यांनीही वर पाहिलं नाही.

घरी आल्यावर रुखमाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. “मंग आता त्याले सोडतीन न? तुमी सांगतलं न तुमचा हाय म्हणून?”

“सोडतीन. कायद्यानं सोडाच लागन.”

सोडलं नाही. बशीरवर केस झाली, आणि कागद वाचायला घेतला तेव्हा वकिलानं डोक्याला हात लावला. बशीरचा वकील पंजाबराव म्हणून होता, गावाकडचाच, कामाला बरा. तो स्वतः भीमराजांच्या घरी आला.

“साहेब, तुमी त्याचं भलं कराले गेले. इथं उलटं झालं पाहा. दोघं म्हणतात आमचा नाई, तिसरा सापडला नाई, तर ते तीन बोरे झाले बशीरचे. आता सरकारले फक्त एक दाखवायचं होतं, का हा माणूस शेतकऱ्याकडून कापूस घेते. ते दाखवायले कोणीच नव्हतं.” त्यानं पाण्याचा पेला खाली ठेवला. “आता तुमी हा.”

“म्हणजे?”

“म्हणजे तुमी सरकारी साक्षीदार. अन् साक्षीदार असे का, जिल्ह्यात कोणी म्हणणार नाई हा माणूस खोटं बोलते.”

रुखमाबाई दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. एवढ्या वर्षांच्या संसारात न बोलण्याची त्यांची ती पहिलीच वेळ असावी.

भीमराज पुन्हा यवतमाळला गेले. देव्हारेंनी याही वेळी खुर्ची दिली, चहा मात्र मागवला नाही. “प्रकरण कोर्टात गेलं, माझ्या हातात नाही,” ते म्हणाले. मग जरा आवाज उतरवून म्हणाले, “खरं सांगू? मला महिन्याला केसेस दाखवाव्या लागतात. ट्रकवाल्याची केस केली तर माझी बदली गडचिरोलीला होते. माझी मुलगी पहिलीत आहे.” त्यांच्या बोलण्यात बेरडपणा नव्हता. भीमराजांना त्याचाच जास्त राग आला. तो माणूस वाईट असता तर त्याला काही तरी बोलता आलं असतं.

विशाखाचं लग्न ठरल्या दिवशी झालं. गाद्या यवतमाळहून फोमच्या आणल्या. रशीदा लग्नाला आली, जेवली, नवरीच्या हातात पाकीट ठेवलं आणि लवकर निघून गेली. बशीर आला नाही. सील लागल्यापासून तो कुठे दिग्रसला दुसऱ्याच्या दुकानात रोजानं गाद्या भरायला जायचा. स्वतःच्या छपराखाली मशीन उभं, आणि त्याला हात लावायचा नाही. त्या सिलाचं रक्षण करायची जबाबदारीही कायद्यानं त्याच्याच अंगावर टाकली होती. उंदरानं पट्टी कुरतडली तरी गुन्हा त्याचाच. रशीदा रोज मशीनवर चादर टाकायची आणि रोज काढून बघायची.

तारखा पडत गेल्या. तालुक्याच्या कोर्टात दोघांनाही जावं लागायचं, एकाला आरोपी म्हणून, एकाला साक्षीदार म्हणून, आणि बोरीहून सकाळची गाडी एकच. सुरुवातीला भीमराज पुढे बसत, बशीर मागे. मग एकदा गाडीत गर्दी होती आणि बशीरच्या शेजारची जागा तेवढी रिकामी होती.

भीमराज तिथंच बसले. खिडकीतून वावरं मागे जात होती. वेचणीचा हंगाम पुन्हा आला होता. बायका ओटीत कापूस वेचत होत्या.

“बशीरभाई,” भीमराज म्हणाले, “ते तक्रार झालती न. ते मीच गेलतो यवतमाळले. मारोतरावच्या ट्रकाइसाठी. तुमचं नावबी नाई घेतलं मी.”

“मले मालूम हाय.”

“कोणी सांगतलं?”

“सांगाले कायले पाह्यजे?” बशीर समोर बघत म्हणाला. “ट्रक तर साऱ्या गावाले दिसते. सांगाले जाणारा एकच आदमी हाय गावात.” त्याच्या आवाजात राग नव्हता, थकवा होता. “कंट्रोलर साहेब, एक बात बोलू? बुरा नका मानू. तुमी त्या दिवशी चुप बसले असते, तं पंजाबराव म्हणते, केस उभीच नसती राह्यली. चार बोरे, मालक नाई, गवाह नाई. रेच्यावर पडलेला कचरा हाय म्हणून सोडून देलं असतं.”

“मी खोटं बोलाले पाह्यजे होतं का?”

“खोटं कोण म्हणते? चुप.”

पुढचा थांबा आला. एक बाई कोंबड्यांची टोपली घेऊन चढली. दोघंही सरकून बसले.

साक्षीचा दिवस उजाडला तोवर दुसरा हंगाम संपत आला होता. भीमराजांनी मनाशी सगळं पक्कं केलं होतं. ट्रक, गोदाम, गाद्या, बशीरचा आजा, घाबरलेली मोतीबाई, सारं न्यायाधीशांपुढे मांडायचं. न्यायाधीश म्हणजे शेवटी कायदाच. ऐकतीलच.

त्यांनी शपथ घेतली. सरकारी वकील उठला.

“हा जबाब तुमचा? सही तुमची?”

“हो साहेब. पण त्यात—”

“विचारलं तेवढंच सांगा. तुमच्या शेतातला कापूस तुम्ही आरोपीला दिला?”

“गादी भरायसाठी देला.”

“दिला की नाही दिला?”

भीमराजांनी बशीरकडे पाहिलं. तो पिंजऱ्यात हात बांधून उभा होता. त्याच्या भुवया आता काळ्याभोर दिसत होत्या, कारण रुई उडायची बंद झाली होती. त्याचा खरा चेहरा असा आहे हे भीमराजांना नीट पहिल्यांदाच दिसलं.

एक शब्द पुरला असता. नाही दिला. माझी सही नाही. आठवत नाही. बाहेर व्हरांड्यात लोक पानसुपारी खात हेच शब्द एकमेकांना शिकवत होते. भीमराजांची जीभ टाळ्याला चिकटली. ते उभे राहिले, आणि न्यायाधीशांनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं.

“देला,” ते म्हणाले.

पंजाबरावनं उलटतपासणीत गाद्यांचं काढलं, मजुरीचं काढलं. ट्रकांचं काढायला गेला तेव्हा सरकारी वकिलानं हरकत घेतली आणि ती मान्य झाली, त्या ट्रकांचा या खटल्याशी संबंध नव्हता. निकाल काही दिवसांनी लागला. कोर्ट उठेपर्यंतची कैद, दंड, आणि मशीन सरकारजमा. निकालात एक ओळ अशीही होती की साक्षीदार भीमराज मुनेश्वर हे निवृत्त कर्मचारी व प्रामाणिक नागरिक असून त्यांच्या साक्षीवर अविश्वास ठेवण्यास कोणतेही कारण दिसत नाही. पंजाबरावनं ती वाचून दाखवली नसती तर बरं झालं असतं. पण त्यानं वाचली, बशीरच्या समोर.

संध्याकाळपर्यंत बशीर कोर्टाच्या बाकावर बसला. भीमराज बाहेर पिंपळाखाली उभे राहिले. कोर्ट उठलं, बशीर बाहेर आला, चपला घातल्या आणि त्यांच्याकडे न बघता स्टँडकडे चालू लागला.

महिनाभरात बशीरनं घर भाड्यानं दिलं. आंध्रात त्याचा साडू होता. तिकडे गादीसाठी कापूस ठेवला तर कुणी विचारत नव्हतं. टेम्पो भरायला भीमराज गेले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, तरी गेले, आणि एक पेटी उचलायला लागले. रशीदानं पेटीचं दुसरं टोक धरलं.

“राहू द्या भाऊ,” ती म्हणाली.

“भाभी, मी खोटं बोललो नाई.”

“मालूम हाय.” तिनं पेटी खाली ठेवली आणि पदरानं घाम पुसला. “तुमी सच्चे आदमी. म्हणूनच तं त्याइले दुसरा कोणी गवाह नाई लागला. आमी कोणाले बददुवा देऊ, ते पण समजत नाई आमाले. साहेबाले पोरगी हाय म्हणते. मोतीबाई बिचारी बेवा. तुमी सच्चे.” ती एवढंच बोलली. टेम्पो निघाला तेव्हा बशीरनं पुढच्या सीटवरून हात वर केला. निरोपासाठी केला की ड्रायव्हरला वळण दाखवायला, ते भीमराजांना कळलं नाही.

त्याच टेम्पोच्या मागे ताडपत्री बांधलेला मारोतरावचा ट्रक होता. पुढे कितीतरी अंतर दोन्ही गाड्या एकाच रस्त्यानं गेल्या असणार, एकाच नाक्यावरून, एकाच राज्यात.

पुढच्या हंगामात गावात पिंजारी नव्हता. लोक फोमच्या गाद्या घेऊ लागले, नाही तर जुन्याच गोधड्या दुपटी करून अंथरू लागले. चौकात कुणी कंट्रोलर साहेबांना बसायला जागा द्यायचं सोडलं नाही, पण ते बसले की बोलणं पावसापाण्यावर यायचं. लोकांना त्यांचा राग नव्हता. भीती होती. चांगल्या माणसाची भीती बाळगावी लागते हे त्यांना बशीरच्या केसनं शिकवलं होतं.

भीमराज पेपर वाचेनासे झाले. घरपट्टी भरायला तेवढे गेले, पण रांगेत मधे कुठे तरी उभे राहिले.

आणि माघात एका सकाळी जीप पुन्हा आली. भीमराज तेव्हा मोतीबाईच्या अंगणात होते. तिच्या बैलाला सूज आली होती, ते पाहायला तिनं बोलावलं होतं. दाराआड खोलीत कापूस होता, छतापर्यंत. अख्खा हंगाम तिनं घरात दाबून ठेवला होता. लेक तिकडे आंध्रात कुणाशी तरी बोलून आला होता. हे तिनं भीमराजांना सांगितलं नव्हतं, पण दाराला लावलेला पडदा वाऱ्यानं हलला आणि त्यांनी पाहिलं. तिनंही पाहिलं की त्यांनी पाहिलं.

जीपमधून देव्हारे उतरले. थोडे स्थूल झाले होते. किसनसिंग मागे होताच.

“अरे वा, मुनेश्वर साहेब! तुम्ही इथेच भेटलात ते बरं झालं. या बाईंच्या घरात साठा असल्याची खबर आहे.”

मोतीबाई बैलाच्या दाव्याला धरून उभी होती. तिच्या तोंडाला रंग उरला नव्हता. हा माणूस खरं बोलणार हे तिला ठाऊक होतं. साऱ्या जिल्ह्याला ठाऊक होतं, निकालातच तसं लिहिलं होतं.

“काय नाई साहेब,” भीमराज म्हणाले. “मी आत्ताच आतून आलो. बैलाले सरकी पाह्यजे होती, तं एक पोतं सरकी हाय. बाकी घर रिकामंच.”

“नक्की?”

“मी सांगून राह्यलो न.”

देव्हारेंनी पडद्याकडे पाहिलं नाही. पाहायची गरज त्यांना वाटली नाही. “झालं मग,” ते किसनसिंगला म्हणाले. “मुनेश्वर साहेब म्हणतात म्हणजे नाहीच. उगाच कुणी तरी दुश्मनीनं कळवलं असेल.” त्यांनी भीमराजांचा हात हातात घेतला, दाबला, आणि जीप धूळ उडवत निघून गेली.

मोतीबाई मटकन खाली बसली आणि रडू लागली. मग ती भीमराजांचे पाय धरायला पुढे आली. ते मागे सरले.

“पाय नको धरू,” ते म्हणाले. “बशीरच्या वेळी तू एक शब्द बोलली असती...” पुढचं त्यांनी सोडून दिलं. बाईला बोलून काय मिळणार होतं? ती तेव्हा खोटं बोलली म्हणून वाचली होती आणि आज ते खोटं बोलले म्हणून वाचली.

घरी येऊन ते मोरीत गेले आणि बराच वेळ हात धुत राहिले. रुखमाबाईंपर्यंत बातमी त्यांच्याआधीच पोचली होती. त्यांनी कौतुकानं ताट वाढलं, वर तेलाची धार सोडलेलं पिठलं, कांदा, ठेचा.

“अखेर सुदरले तुमी,” त्या म्हणाल्या, आणि कितीतरी दिवसांनी मनापासून हसल्या. “देवासारखे धावून गेले तिच्यासाठी.”

भीमराजांनी घास मोडला. “किती सोपं हाय व्हय,” ते म्हणाले. “जीभसुदा अडखळली नाई माही. मले वाटे, पहिल्यांदा खोटं बोलन तं फसन, तोंडावर दिसन. काईच नाई झालं. साहेबानं हात देला मले.”

“मंग चांगलंच झालं न?”

भीमराजांच्या तोंडात घास नुसता फिरत राहिला. खाली उतरेना. रुखमाबाईंचं हसू हळूहळू मावळलं, त्यांनी पाण्याचा तांब्या पुढे सरकवला. भीमराज तसेच ताटावर बसून राहिले. पिठल्यावर साय धरली, तरी ते उठले नाहीत आणि जेवलेही नाहीत.